निशी-कासाई (टोकियो): गल्लीतलं सुशीचं दुकान चांगलं की नाही, कसं ओळखायचं?

प्रश्न: घराजवळ आठ-दहा खुर्च्यांचं सुशीचं दुकान आहे, दर परवडणारे. मासा ताजा दिसला की पुरे, की आणखी काही बघावं?

कोळंबीप्रेमी: आधी भात बघा. तो अंगाइतका कोमट हवा. फ्रिजमधला भात टणक होतो. उचलताना गोळा टिकावा, तोंडात दाणे सुटावेत. जास्त दाबला की लगदाच.

टोकियोकर: सहमत, पण खरा हात कळतो कोहादावर. हा चंदेरी लहान मासा चिरून मीठ लावतात, धुतात, मग व्हिनेगरमध्ये ठेवतात. मिठाची आणि व्हिनेगरची वेळ माशाच्या आकारावर आणि चरबीवर ठरते. मीठ कमी पडलं तर उग्र वास राहतो, व्हिनेगरमध्ये जास्त राहिला तर कोरडा, नुसता आंबट. बरा ट्यूना विकत आणता येतो, हे कसब विकत आणता येत नाही.

सुरमई: नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला पापुद्रा) कटकन तुटली पाहिजे; वातड लागली तर दमट झालीय. ट्यूनाखाली लालसर पाणी साचलं असेल तर तो नीट वितळवलेला नाही. गोठवलेला मासा वाईटच असं मात्र नाही! उणे 20 अंशांवर 24 तास ठेवला की अनिसाकिस जंत मरतो. व्हिनेगर-वासाबीने मरत नाही. साबा (बांगड्याच्या जातीचा मासा) मागवताना तो गोठवलेला होता का, बिनधास्त विचारा.