फोन रात्री खोलीबाहेर ठेवून नक्की काय साधतं?

निवांत:
गेले तीन महिने माझा फोन रात्री ओट्यावर चार्जिंगला असतो. उशाशी किल्लीचं गजराचं घड्याळ. पहिल्या आठवड्यात मध्येच जाग आली की हात आपोआप उशाखाली जायचा, काही सापडायचं नाही, मग चडफडत कूस बदलायचो. आता हात जात नाही.

'मनावर ताबा ठेवा' हा सल्ला मला फोल वाटतो. ही वस्तू हातातून सुटू नये अशीच बनवलेली आहे. पान संपलं की माणूस थांबतो. ते संपूच नये अशी सोय, म्हणजे अनंत स्क्रोल, सॉफ्टवेअर डिझायनर एझा रास्किन यांनी २००६ मध्ये केली आणि पुढे त्याबद्दल स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. खाली ओढून रिफ्रेश केलं की कधी नवं काही मिळतं, कधी नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांतली कबुतरं अशाच बेभरवशाच्या दाण्यापायी चकतीवर चोच मारत राहायची. दिवसभर दमलेल्या डोक्याने अशा यंत्राशी रोज कुस्ती कशाला? मध्ये भिंत घालावी, झालं.

तिरकस:
आलीच कबुतरं! लहानपणी पांघरुणात बॅटरी धरून कादंबऱ्या वाचायचो, तेव्हाही 'डोळे जातील, डोकं फिरेल' हेच ऐकलं. दोन्ही शाबूत आहेत (दुसऱ्याबद्दल घरच्यांचं मत वेगळं). दोष फोनचा नाही, आपल्याला झोपायचंच नसतं. आणि हा धागा तुम्ही लॅपटॉपवरून काढलात ना?

निवांत:
हो, लॅपटॉपवरूनच. पण कादंबरीला शेवटचं पान असतं. पहाटे तीनला का होईना, ते येतं.

रात्रपाळी:
भिंत ज्यांना परवडते त्यांनी घालावी. माझे वडील दुसऱ्या गावी एकटे राहतात. मागे रात्री दोनला त्यांचा फोन आला, न्हाणीघरात पडले होते. मी लगेच उचलला म्हणून शेजाऱ्यांना उठवता आलं. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आहे म्हणे. साहेबापासून सुटका होत असेल त्याने. वडिलांपासून मला नकोच आहे.

निवांत:
'डू नॉट डिस्टर्ब' लावून ठरावीक नंबरांना सूट देता येते. लागोपाठ दुसऱ्यांदा आलेला कॉलही वाजू देता येतो. मग फोन ओट्यावर असला तरी चालेल.

रात्रपाळी:
सूट दिलेलीच आहे हो. पण फोन उशाशीच. ओट्यापर्यंत धडपडत जाईतो कॉल तुटतो, आणि पडलेला माणूस पुन्हा लावू शकेलच असं नाही.

काळा पडदा:
मला दिसत नाही. फोन सगळं वाचून दाखवतो, म्हणून पडदा काळाच ठेवते. दर आठवड्याला तो मला बजावतो की तुमचा वापर वाढला. वाढणारच! या आठवड्यात बँकेची दोन पत्रं आली, आणि दोन सारख्याच बाटल्यांपैकी खोकल्याचं औषध कुठलं हे त्याच्याकडूनच वाचून घेतलं. हे तास आणि रील्सचे तास एकाच खात्यात जमा होतात, ही मोजणीच मला मान्य नाही.

तरी निवांत यांच्याशी निम्मी सहमत. रील्स मलाही सोडत नाहीत. न बघतासुद्धा माणूस त्यांत अडकतो, स्वानुभव.

तिरकस:
मोजणीबद्दल +१. २०१८ मध्ये ॲपल आणि गूगल दोघांनीही वेळ मोजायची सोय आणली. चटक लावणाऱ्याच्याच हातात तराजू! मर्यादा संपली की पाटी येते, तिच्याखालीच ती धुडकावायचं बटण. मी तर न वाचताच दाबतो, अंगठ्याला जागा पाठ झालीय.

निवांत:
अंगठ्याला जागा पाठ झालीय, आणि दोष फोनचा नाही? माझी बाजू तुम्हीच मांडलीत की.

तिरकस:
अंगठा माझा आहे, साहेब. फोनला अंगठा नसतो.

रात्रपाळी:
अवांतर: ते किल्लीचं घड्याळ रात्रभर टिकटिक करत नाही का?

निवांत:
करतं ना. पहिले दोन दिवस तेही ओट्यावरच नेऊन ठेवलं होतं.