पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतून उगवणारे तण कसे थांबवावे?

चिरेबंदी यांचा प्रश्न

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावच्या घरासमोर पूर्वी शेणाने सारवलेले अंगण होते. काही वर्षांपूर्वी तेथे ६० मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. पहिल्या पावसाळ्यात काही त्रास झाला नाही; आता मात्र मृगाचा पाऊस सुरू झाला की पंधरवड्यात सगळे सांधे हिरवे होतात आणि गणपतीला घरी येईपर्यंत काही ठिकाणी गवत घोट्यापर्यंत वाढलेले असते. कडेने हराळी आत शिरते, विहिरीच्या बाजूला लव्हाळा आहे, आणि मधल्या भागात एकदांडी, भुईआवळा, नायटी असे बारीकसारीक बरेच काही उगवते. गवंडी सांगतो की सांधे सिमेंटने भरून टाकू. शेजारी जाड मीठ पसरण्याचा सल्ला देतात. बाजारात तणनाशकही सहज मिळते. विहीर अंगणापासून जेमतेम दहा पावलांवर असून तिचे पाणी आम्ही पितो, आणि कडेला हापूसची दोन जुनी कलमे आहेत. या परिस्थितीत टिकाऊ उपाय कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मोजपट्टी यांचे उत्तर

व्यवसायाने मी स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे सांध्यांपासूनच सुरुवात करतो. अंगणातील बहुतेक तण जमिनीतून वर येते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हराळी आणि लव्हाळा वगळता आपण नावे घेतलेली बाकीची झुडपे वरून पडलेल्या बियांपासून उगवतात. सांध्यातील वाळू पावसाने वाहून जाते, रिकाम्या जागेत धूळ, कुजलेला पाला आणि लाल माती साचते, आणि बी रुजायला तेवढे पुरते. पहिल्या वर्षी त्रास झाला नाही, याचे कारण बहुधा हेच आहे की तेव्हा सांधे वाळूने भरलेले होते आणि त्यांत माती साचलेली नव्हती.

म्हणून पाऊस पूर्ण ओसरून ब्लॉक वाळल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर केव्हाही, सांधे अडीच ते तीन सेंटिमीटर खोल खरवडून मोकळे करावेत. पाण्याच्या दाबाचे यंत्र वापरल्यास काम लवकर होते, परंतु ते वाळूही उडवून टाकते. त्यामुळे धुतल्यानंतर सांधे पुन्हा भरलेच पाहिजेत, अन्यथा पुढच्या पावसाळ्यात तण दुप्पट येईल. भरण्यासाठी धुतलेली, कोरडी आणि २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घ्यावी. खडी केंद्रावर स्वस्तात मिळणारी भुकटी घेऊ नये, कारण तिच्यातील पिठासारखा बारीक अंश ओल धरून ठेवतो आणि तण त्यातच फोफावते. खाडीची वाळूही टाळावी. तिच्यातील क्षारांमुळे ब्लॉकवर पांढरे डाग उठतात. वाळू पसरून खराट्याने सांध्यांत लोटावी, प्लेट व्हायब्रेटर (हादरे देऊन वाळू खाली बसवणारे यंत्र) फिरवावा, वाळू खाली बसली की पुन्हा भरावी, आणि ती बसायची थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. यंत्र भाड्याने मिळते. बहुतेक ठिकाणी वाळू एकदाच लोटून मजूर निघून जातात, आणि खरी उणीव तेथेच राहते.

पाणी लागल्यावर घट्ट होणारी पॉलिमर मिसळलेली वाळूही मिळते. ती महाग असते, तिला पूर्ण कोरडे हवामान लागते आणि ब्लॉकवर तिची भुकटी राहिल्यास पांढरट थर कायम दिसतो. तरीही दाराजवळच्या लहान भागासाठी ती विचारात घेण्यासारखी आहे. जेथे सतत सावली आणि ओल असते, तेथे मात्र तिच्यावर शेवाळ धरते.

सिमेंटने सांधे भरण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. पेव्हर ब्लॉकची फरसबंदी वजन आल्यावर किंचित हलते आणि सांध्यातील वाळूमुळे तो भार शेजारच्या ब्लॉकवर वाटला जातो. सिमेंट भरले की ही लवचिकता संपते, गाडीच्या चाकाखाली सांध्यांत केसासारख्या भेगा पडतात आणि हराळी त्याच भेगांतून पुन्हा डोके काढते. शिवाय मोडलेला एखादा ब्लॉक नंतर सुटा काढता येत नाही.

रानवाट यांचे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे. वनस्पतींच्या बाजूने थोडी भर घालतो. आपल्याकडचे तण तीन प्रकारचे आहे आणि तिन्हींना एकच उपाय लागू पडत नाही. एकदांडी, नायटी, भुईआवळा ही बियांपासून येणारी झुडपे फुलोऱ्यावर येण्यापूर्वी उपटली, की पुढच्या वर्षीचा त्रास बराच कमी होतो. रोपे कोवळी असताना त्यांच्यावर उकळते पाणी ओतले तरी ती मरतात. एकदांडीचे बी वाऱ्याबरोबर उडत येते, त्यामुळे कुंपणालगतची झाडेही काढावीत. गाजरगवत दिसल्यास हातमोजे घालूनच उपटावे, कारण त्याने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते.

हराळी कडेने धावत येते. अंगणाच्या कडेचे काँक्रीट ब्लॉकच्या तळाच्या खालपर्यंत उतरलेले नसेल, तर आत कितीही उपटले तरी ती पुन्हा येत राहणार. लव्हाळ्याचा प्रश्न याहून अवघड आहे. त्याच्या गाठी जमिनीखाली साखळीने जोडलेल्या असतात. वरचे पान ओढले की साखळी तुटते आणि निपचित पडलेल्या गाठींना कोंब फुटतात. विहिरीच्या बाजूचे ब्लॉक उचलून, खालची माती खणून, गाठी वेचून काढण्याला माझ्या मते पर्याय नाही.

मिठाबद्दल मात्र आग्रहाने सांगतो की ते टाकू नये. मीठ कुजत नाही किंवा विघटित होत नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि अंगणात टाकलेले मीठ त्या पाण्याबरोबर मुरून विहिरीकडे आणि कलमांच्या मुळांकडे जाते. आंबा क्षारांना फार नाजूक असतो, पानांची टोके करपू लागतात. व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे आम्ल वापरल्यास सिमेंटमधील चुना विरघळून ब्लॉकचा पृष्ठभाग खरबरीत होतो, आणि मग शेवाळाला तेथे अधिकच चांगला आधार मिळतो. ग्लायफोसेट या तणनाशकाविषयी सांगायचे, तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. कायदा बाजूला ठेवला तरी, पिण्याच्या विहिरीपासून दहा पावलांवर कोणतेही तणनाशक फवारू नये.

परसदार यांचे उत्तर

दोघांचेही म्हणणे शास्त्रशुद्ध आहे, पण एक गोष्ट राहून गेली असे वाटते. सारवलेले अंगणही कधी आपोआप स्वच्छ राहत नव्हते. दर पावसाळ्यानंतर ते खणून, चोपून, सारवून नव्याने करावे लागे, आणि तण त्यातच निघून जाई. ब्लॉक बसवले की पुन्हा हात लावावा लागणार नाही, ही अपेक्षाच मुळात अवास्तव आहे. घर वर्षातील बराच काळ बंद असेल, तर गावातील कोणाला तरी मे महिन्याच्या अखेरीस पाला आणि धूळ झाडून घेण्याचे आणि पहिल्या पावसानंतर, माती मऊ असताना, एकदा बेणणीचे काम ठरवून द्यावे. तेवढ्याने भागत असेल, तर यंत्र आणि महागडी वाळू यांची गरज पडणार नाही. विहिरीपासून दूरच्या कोपऱ्यात थोडे गवत राहिले, तरी काही बिघडत नाही.

चिरेबंदी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बेणणीची व्यवस्था या वर्षीपासून लावतो. एक शंका उरते. लव्हाळ्याच्या भागातील ब्लॉक उचलायचेच आहेत, तर त्यांच्याखाली जाड प्लॅस्टिक अंथरून मग वाळू टाकावी काय?

मोजपट्टी

प्लॅस्टिक अंथरू नये. सांध्यांतून झिरपणारे पाणी त्याच्यावर अडते, अंथरलेली वाळू पावसाळाभर भिजलेली राहते आणि ब्लॉक डगमगू लागतात. लव्हाळ्याचा अणकुचीदार कोंब साधे प्लॅस्टिक भोकसून वर येतो, त्यामुळे मूळ हेतूही साधत नाही. माती आणि ब्लॉकखालच्या वाळूच्या तळाशी असलेली खडी यांच्यामध्ये पाणी जाऊ देणारे जिओटेक्स्टाइल कापड घालता येईल, परंतु त्याचे काम खडी मातीत रुतू न देण्याचे आहे. वरून पडणाऱ्या बियांना ते अडवू शकत नाही. गाठी वेचण्याचे काम जमिनीत ओल आहे तोवर उरकावे, खड्डा काही दिवस उघडा ठेवून पुन्हा फुटलेले कोंब गाठीसकट काढावेत, आणि मगच खडी चोपून, त्यावर अडीच-तीन सेंटिमीटर वाळू समपातळीत पसरून ब्लॉक बसवावेत. बसवताना विहिरीच्या विरुद्ध दिशेला दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार द्यावा, म्हणजे अंगणावरचे पाणी विहिरीकडे वळणार नाही.