पतसंस्थेचा जुना फॉक्सप्रो प्रोग्राम: बदलावा की अजून रेटावा?

तेरीजवाला:
तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत हिशेब बघतो. सगळा कारभार फॉक्सप्रोवर (जुन्या काळचं डेटाबेस सॉफ्टवेअर), तोही विंडोज एक्सपीच्या एकाच पीसीवर. प्रोग्राम लिहिणारे आता फोन उचलत नाहीत. सोमवारी मशीन चालू केलं तर तारीख १ जानेवारी २००२! लक्षात येईपर्यंत चार पावत्या तशाच छापून गेल्या. संचालक म्हणतात, "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" मार्च तोंडावर आलाय. काय करू?

डबाबंद:
तारखेचं दुखणं बहुतेक मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ सेलचं. आधी तो बदला, पण काढण्यापूर्वी बायोसच्या (मशीन सुरू होतानाच्या) सेटिंगचे मोबाइलवर फोटो घ्या.

खरी भीती हार्ड डिस्कची. आज संध्याकाळीच सगळे फोल्डर दोन ठिकाणी उतरवा. नुसत्या डीबीएफ (तक्त्यांच्या) फायली नकोत, जोडीच्या एफपीटी राहिल्या तर मेमोतला, म्हणजे लांब शेऱ्यांचा मजकूर गेला. आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. आमच्याकडे तीन वर्षं इमानेइतबारे पेन ड्राइव्हवर बॅकअप चालला होता, गरज पडली तेव्हा फोल्डर रिकामा. मग अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब नक्कल) घेऊन व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे दुसऱ्या पीसीच्या आत चालणाऱ्या आभासी पीसीत, चालते का पाहा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर थोडा रुसेल. इंटरनेटची वायर मात्र आजच काढा, एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबलेत.

जोडाक्षर:
नावं युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात) नसणार, जुन्या फॉन्टमध्ये असतील. ती युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टरमधून काढली की रफार आणि ऱ्ह हमखास बिघडतात. आमच्याकडे एकच कुऱ्हाडे तीन तऱ्हांनी अवतरले होते. नावं एकेक करून डोळ्यांखालून घालावीच लागतात.

शिल्लकबाकी:
मार्चमध्ये अजिबात नको! १ एप्रिलच्या आरंभीच्या शिल्लका नव्यात भरा आणि निदान तीन महिने दोन्हीकडे नोंदी करा. रोज दोन्ही तेरजा (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचे ताळे) जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. क्लार्क वैतागतील, वैतागू देत. पहिला फरक व्याजात निघेल: जुना प्रोग्राम वर्षाचे दिवस किती धरतो, पैसे कुठे पूर्णांकात करतो, हे कागदावर कुठेच नसतं.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात सगळी खाती नव्या सिस्टिमवर नेली. लाखो ग्राहकांना आपलीच खाती उघडेनात, आणि २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पौंडांवर दंड बसला. संचालकांना हे ऐकवा, एका रात्रीत बदलून देतो म्हणणारा विक्रेता येईलच.

तेरीजवाला:
सेल बदलला, तारीख टिकली. बॅकअप लॅपटॉपवर लिब्रऑफिसमध्ये उघडला. आकडे बरोबर, पण नावांच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं! जोडाक्षर, तुम्ही कोणता कन्व्हर्टर वापरला होता?