शिकलेलं काय वाया गेलं, काय टिकलं? (कोडवाल्यांचा अनुभव धागा)

सेमीकोलन
परवा एका कॉलेजात प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल म्हणून गेले होते. लॅबमध्ये शिरले तर समोर तोच निळा पडदा. टर्बो सी, सी भाषेतले प्रोग्राम लिहून चालवायचं जुनं सॉफ्टवेअर! नव्या विंडोजवर डॉसबॉक्स (जुनी डॉसची सॉफ्टवेअर चालवणारं) टाकून अजून चालवतायत. एका मुलाला व्हायव्हात विचारलं, इंट (पूर्णांक ठेवायची जागा) किती बाइटचा? तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, कॉलेजात दोन, घरी चार." पूर्ण मार्क दिले. टर्बो सी १६ बिटांच्या, म्हणजे दोन बाइटच्या जमान्यातला, त्यात ३२७६७ च्या पुढे एक मिळवला की आकडा थेट उणे होतो. घरच्या जीसीसीवर, म्हणजे आजच्या सी कंपायलरवर, तोच इंट ३२ बिटांचा. म्हणजे पोरगं दोन्ही जगं ओळखून होतं.

तेव्हापासून डोक्यात चाललंय. आमच्या वेळी क्लासमध्ये मशीन तासावर मिळायचं, म्हणून प्रोग्राम आधी वहीत लिहून ड्राय रन करायचा, म्हणजे कागदावरच ओळीओळीने चालवून बघायचा, प्रत्येक व्हेरिएबलचा वेगळा रकाना. पुढे व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टचं जुनं व्हिज्युअल बेसिक) वर बरीच वर्षं पोट भरलं, आता त्यातलं काहीही कुणी विचारत नाही. ते रकाने मात्र रोज लागतात. एआयने लिहून दिलेला कोड समोर आला की मी अजून कागदच ओढते.

तुमचं सांगा. कशावर पैसे आणि डोळे घातले, त्यातलं काय उरलं? सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

खमंग_काकडी
सुरुवातीला क्लिअरस्क्रीन आणि शेवटी गेटसीएच (की दाबेपर्यंत थांब)!! ते नाही लिहिलं तर उत्तर दिसायच्या आत पडदा गायब. मला बरेच दिवस वाटायचं गेटसीएच हा प्रोग्रामचा नमस्कार आहे, शेवटी करायचाच असतो 😄

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या नागपूरच्या कानेटकर सरांचं नाव कोणीच घेतलं नाही बाप्पा? सी म्हटलं का त्यांचं 'लेट अस सी', तेच पुस्तक.

खमंग_काकडी
घेतलं घेतलं. अप्पा बळवंत चौकात जुनं घेतलेलं, आधीच्या मालकाने पॉइंटरच्या धड्यापर्यंतच अधोरेखित केलं होतं. तिथून पुढे कोरं करकरीत.

नानासाहेब_निवृत्त
मी बँकेत कोबोल लिहिला, हिशेबाच्या कामांची जुनी भाषा. वायटूके वायटूके (साल २००० चा घोळ) म्हणून १९९९ मध्ये सगळे जागे झाले, पण आम्हाला ते भूत फार आधी दिसलं होतं. १९८५ साली दिलेलं २० वर्षांचं गृहकर्ज २००५ ला संपणार, आणि वर्षाला रकाने दोनच. ०५ वजा ८५, काढा व्याज! मग तात्पुरता इलाज म्हणून ५० च्या खालचं वर्ष २००० नंतरचं धरायचं असं ठरलं. तात्पुरता इलाज बहुतेक अजून चालू असेल. भाषा मेली म्हणतात ती मला तरी खरी वाटत नाही. व्याज कसं बसतं, दिवस ३६५ धरायचे की ३६०, हे ज्याला कळतं त्याला भाषा कुठलीही द्या. आमच्याकडे मॅनेजरसाहेब स्वतः हातात पेन घेऊन चार खाती ताडून बघत, मगच प्रोग्राम चढायचा.

जर्सीकर
नानासाहेब, भाषा जिवंत आहे याला मी साक्षीदार. एप्रिल २०२० मध्ये आमच्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषदेत कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर सांगितलं होतं. कोविडमुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आलेला आणि यंत्रणा जुनी. बायको म्हणाली तुमच्या बाबांना फोन लावा.

नानासाहेब_निवृत्त
लावायचा होता की!

फ्लॅशबॅक
माझं सांगतो. फ्लॅश, वेबवरची हलती चित्रं नि गेम बनवायचं सॉफ्टवेअर. कॉलेज सोडून तेवढंच केलं, मल्टिमीडियाच्या क्लासची फी आईच्या बांगड्यांतून. बॅनर, गेम, ई-लर्निंगचे धडे, सगळं अ‍ॅक्शनस्क्रिप्टमध्ये. आयफोनवर फ्लॅश घेणार नाही असं स्टीव्ह जॉब्सचं पत्र २०१० ला आलं तेव्हा ऑफिसात हसलो होतो आम्ही सगळे. ३१ डिसेंबर २०२० ला अधिकृतपणे बंद, आणि पुढच्या महिन्यात तर उघडायचंच थांबलं. माझं जुनं काम आज मला स्वतःला बघता येत नाही. लोक म्हणतात वाया काही जात नाही. जातं. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्ट एकाच घराण्यातली म्हणून नोकरी वाचली, हे नशीब. टाइमलाइनवर हातांना जे वळण होतं ते गेलंच.

सेमीकोलन
@फ्लॅशबॅक, हे वाचून काय लिहावं कळेना. आईंच्या बांगड्यांचं वाईट वाटलं.

फ्लॅशबॅक
अहो बांगड्या परत केल्या, जास्त वजनाच्या 🙂 आता ती घालत नाही, लॉकरमध्ये.

मिरजेचा_तंबोरा
आमच्या गावात एमएस-सीआयटी (सरकारमान्य कॉम्प्युटर कोर्स) हीच शिक्षणाची गंगा. सरकारी नोकरीला लागतंय म्हणून सगळ्यांनी केलं. मी बी केलं, मग तिथंच शिकवाय लागलो. पोरांना इंग्रजीचा धसका, म्हणून आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल लावायचो, मराठीत आवाज दिलेले. फुकट आहेत. निम्म्या पडद्यावर व्हिडिओ, निम्म्यावर आपण करायचं, थांबवायचं, परत. लिनक्स असंच शिकलो. एक पोरगी तेवढ्यावर पायथन शिकून आज पुण्यात आहे. हजारोंचे क्लास लावलेले दोघंतिघं मात्र

मिरजेचा_तंबोरा
अर्धंच गेलं, गिऱ्हाईक आलं होतं झेरॉक्सला. दोघंतिघं मात्र सर्टिफिकेट घेऊन बसलेत एवढंच.

कोथिंबीर_जुडी
विषय सोडून विचारते, लेक सीएस घेणार आहे, ८ जीबीचा लॅपटॉप पुरेल का? दुकानदार १६ म्हणतोय.

वऱ्हाडी_ठेचा
१६. दुकानदार पहिल्यांदा खरं बोलून राहिला.

बगवाली
मी टेस्टर, नाशिक. मला कोडिंग जमत नाही म्हणून टेस्टिंगला टाकलं होतं, तेव्हा तशीच पद्धत होती. एका फॉर्ममध्ये नावाला ३० बाइट ठेवलेले. इंग्रजीत सगळं पास. मी देवनागरीत ज्ञानेश्वर टाकलं: जोडाक्षरं, काने-मात्रे धरून युनिकोडची १० चिन्हं, यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये प्रत्येकी ३ बाइट. बरोबर ३० मध्ये बसलं. मग ज्ञानेश्वरी टाकलं आणि ईकार उडाला. बाईचा बाप्या झाला! डेव्हलपर म्हणतो असं नाव कोण टाकणार. म्हटलं, अरे महाराष्ट्रात विकताय ना? आता तोच मला एआयने बनवलेल्या टेस्ट केसेस दाखवतो. दोनशे असतात, सगळ्या जॉन आणि जेनच्या.

नानासाहेब_निवृत्त
बगवाली, शाब्बास.

खमंग_काकडी
बाईचा बाप्या 😂😂 हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये वाचतेय, शेजारचा रिक्षावाला बघतोय

अजून_बेंचवर
मी २०२४ ची पासआउट. ऑफर लेटर हातात आहे, जॉइनिंग पुढे पुढे जातंय. इथे सगळे वीस वर्षांचं सांगतायत, माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. चॅटजीपीटी आलं तेव्हा आम्ही तिसऱ्या वर्षाला. मिनी प्रोजेक्ट सगळ्यांचे त्यावरच झाले. एका इंटरव्ह्यूत मला छापील कोड दिला आणि विचारलं, यात चूक कुठे? तिमाहीचा रिपोर्ट होता. पहिली तिमाही जानेवारीपासून धरलेली, आपलं आर्थिक वर्ष एप्रिलपासून. मला दिसली कारण बाबा टॅक्सचं काम करतात, घरी मार्चमध्ये कोणी नीट जेवत नाही. बाकीचे सिंटॅक्स शोधत होते. निवड झाली नाही, पुढच्या राउंडला ट्री (डेटा फांद्यांसारखा मांडायची रचना) विचारली आणि मी अडकले. पण सध्या बाबांच्याच ऑफिसात बसून जीएसटी शिकतेय. आई म्हणते इंजिनिअर करून हेच करायचं होतं का.

जर्सीकर
आईला सांग जर्सीच्या काकांनी शिका म्हटलंय. आणि रेझ्युमे व्यनि (खाजगी निरोप) कर, आमच्या पुण्याच्या टीममध्ये विचारतो. खात्री देत नाही, इकडेही भरती ढेपाळलीय.

अजून_बेंचवर
केला काका. थँक्यू 🙏

सेमीकोलन
@अजून_बेंचवर, ट्रीसाठी मलाही व्यनि कर. वहीतच शिकवीन हं, आधी सांगते.

कोथिंबीर_जुडी
१६ जीबीच घेतला. दुकानदाराने बॅग फुकट दिली. आता लेक म्हणते सीएस नको, डेटा सायन्स. फरक काय असतो कोणी सांगेल का?

वऱ्हाडी_ठेचा
फीचा.