लीफलेट नकाशावरील मार्गरेषा ओढून बदलता येईल का?

प्रश्न : आळंदीहून दिवे घाटातून सासवडला जाणारा पायी मार्ग मी लीफलेट (वेबपानावर नकाशा दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) नकाशावर पॉलिलाइन, म्हणजे बिंदू जोडून बनलेली रेषा, म्हणून काढला आहे. जीपीएसचे काही हजार बिंदू असल्यामुळे संपादन सुरू करताच रेषा चौकोनी ठिपक्यांखाली झाकली जाते आणि एखादा ठिपका ओढला, तर ती रस्ता सोडून थेट डोंगरात शिरते. उपाय काय?

उत्तर १ : रेषा नव्हे, थांबे संपादित करावेत. पाच-सहा थांबे (मार्ग जिथून जायलाच हवा असे बिंदू) ठेवून त्यांमधली रेषा ओएसआरएमसारख्या, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातील रस्त्यांवरून वाट काढून देणाऱ्या मार्गशोधकाकडून मागवावी. रेषेवर माऊस दाबताच नकाशाचे सरकणे बंद करावे, दाबलेला बिंदू रेषेच्या कोणत्या तुकड्यावर पडतो ते शोधून त्या दोन थांब्यांच्या मध्ये नवा थांबा घालावा आणि माऊस सोडल्यावरच नवा मार्ग मागवावा. केवळ अंतराने जवळचा थांबा निवडल्यास घाटातल्या वळणांवर क्रम हमखास चुकतो.

उत्तर २ : ओएसआरएमला आधी रेखांश, मग अक्षांश लागतो, लीफलेटमध्ये नेमके उलटे. ही अदलाबदल विसरल्यामुळे माझे पुणे नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडले होते, आणि दोष मात्र मी दोन दिवस सर्व्हरला देत होतो.

प्रश्नकर्ता : थांब्यांची युक्ती लागू पडली. मात्र घाटातली पायवाट ओपनस्ट्रीटमॅपवर नाही.

उत्तर १ : मग तेवढा तुकडा मार्गशोधकाकडे पाठवू नये. डग्लस-प्यूकर पद्धतीने (रेषेचा आकार फारसा न बदलता अनावश्यक बिंदू गाळण्याची रीत) बिंदू कमी करून तो हातानेच संपादित करावा.