गेम कुठून घ्यायचा? (सोसायटीचा ग्रुप, शनिवार संध्याकाळ)

बी-२०४, ६:४८
नमस्कार सगळ्यांना. थोडी मदत पाहिजे होती. मुलाची दहावी झाली. कबूल केलं होतं म्हणून परवा बर्डीवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून घेतला. आता त्याला गेम घ्यायचे आहेत. एकच गेम तीन-चार ठिकाणी दिसून राहिला आणि भाव सगळीकडे वेगळा. मित्राने एक लिंक पाठवली, तिथे तर निम्म्याहून कमी. तीन हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. पैसे बुडणार नाहीत अशी जागा कोणती?

ए-१०१, ६:५५
ऑनलाइन गेम सरकारने बंद केले न? पेपरात वाचलं होतं. आधी खात्री करून घ्या.

सी-५०३, ६:५९
काकाजी, बंद झाले ते पैसे लावून खेळायचे. रमी, पोकर, पैसे लावून टीम बनवायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने तसा कायदा केला. ताई विचारून राहिल्या ते एकदा किंमत देऊन घ्यायच्या गेमबद्दल, आपण पूर्वी सीडी आणायचो तसं. त्यावर बंदी नाही.
ताई, त्या लिंकवरून काही घेऊ नका. जेवण झालं की सविस्तर लिहितो.

डी-४०२, ७:०३
तीच लिंक आमच्या मुलाकडेही आली आहे. बरं झालं विषय निघाला.

ए-३०१, ७:१०
वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह साडेसातला बंद करतोय. कूलर आत्ताच भरून घ्या.

सी-५०३, ८:२१
हं, आता बसलो.

आधी त्या स्वस्त साइटचं. तिथे गेम मिळत नाही, गेमचा कोड मिळतो. तो कोणाकडून आला हे साइट सांगत नाही. दुसऱ्या देशात स्वस्तात घेतलेला असू शकतो, मग आपल्याकडे चालत नाही. चोरीच्या कार्डावर घेतलेला असू शकतो. कार्डाचा खरा मालक बँकेत तक्रार करतो, पैसे परत जातात, आणि कंपनी तो कोड रद्द करते. माझ्या भाच्याचं असंच झालं. सतरा दिवस खेळला, अठराव्या दिवशी गेम त्याच्या खात्यातून गायब. साइटने उत्तर दिलं नाही, गेमच्या कंपनीने सांगितलं की तुम्ही आमच्याकडून घेतलाच नाही. रक्कम मोठी नव्हती, पण साठवलेले पैसे होते पोराचे. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

आता खरी दुकानं. कॉम्प्युटरवर मुख्य तीन धरा: स्टीम, एपिक, गॉग.

स्टीम सगळ्यात जुनं, व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये सुरू केलं. २००४ मध्ये त्यांचा हाफ-लाइफ २ आला तेव्हा सीडी विकत घेऊनही स्टीमचं खातं काढावं लागायचं. त्या वेळी माझ्याकडे डायल-अप होतं, फार राग यायचा. पण २०१५ हे साल आपल्यासाठी महत्त्वाचं. त्या जूनमध्ये त्यांनी पैसे परत द्यायला सुरुवात केली आणि नोव्हेंबरपासून भाव रुपयांत दाखवू लागले. परतीचा नियम साधा आहे: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि खेळणं २ तासांपेक्षा कमी. कारण काहीही सांगा. नवीन कॉम्प्युटरवर गेम अडकत चालला, आवडला नाही, चुकून घेतला, सगळं चालतं. ताई, तुमचा कॉम्प्युटर नवा आहे, कोणता गेम झेपेल ते अजून कळलेलं नाही. तुमच्यासाठी ही सोय भावापेक्षा मोठी आहे.

बी-२०४, ८:२६
हे माहीतच नव्हतं. मला वाटलं एकदा घेतला की घेतला. बाकीच्या दोन ठिकाणीही परत करता येतो का?

सी-५०३, ८:३३
एपिकचा नियम जवळपास तोच, १४ दिवस आणि २ तास. गॉग सगळ्यात उदार. २०२० पासून ३० दिवस, आणि गेम उतरवून खेळलेला असला तरी परत घेतात. विश्वासावर चालवलेली गोष्ट आहे. तिचा गैरफायदा घेऊ नये, हे मी घरच्या पोरांनाही सांगतो.

सी-१०२, ८:४०
एपिकवर तर गेम फुकट मिळतात न? माझा मुलगा एक रुपया न देता शंभरावर जमवून बसला आहे.

सी-५०३, ८:४४
हो वहिनी, ते खरं आहे आणि त्यात काही फसवणूक नाही. डिसेंबर २०१८ मध्ये एपिकने दुकान उघडलं तेव्हापासून गिऱ्हाईक यावं म्हणून गेम फुकट देऊन राहिले. दर गुरुवारी रात्री साडेआठला बदलतात, हिवाळ्यात साडेनऊला, कारण अमेरिकेतलं घड्याळ पुढेमागे होतं. त्या आठवड्यात खात्यात घेतला की कायमचा खात्यात राहतो. मे २०२० मध्ये लॉकडाउनच्या काळात जीटीए ५ फुकट दिला होता, इतकी गर्दी झाली की साइटच बसली.
म्हणून माझं म्हणणं, एपिकचं खातं आजच काढा. खर्च शून्य. पण तीन हजार तिथे खर्च करायचे का, हा वेगळा प्रश्न. दुकान म्हणून ते बरीच वर्षं कच्चं होतं. एकावेळी दोन-तीन गेम घ्यायला कार्ट लागते, ती सुद्धा डिसेंबर २०२१ मध्ये आली. आणि स्टीमवर गेमच्या खाली हजारो लोकांनी लिहिलेलं असतं, कोण किती तास खेळला त्यासकट. ते वाचून मी कितीतरी वेळा पैसे वाचवलेत. एपिकवर तसं सविस्तर काही वाचायला मिळत नाही.

डी-६०१, ८:५२
दादा, एक बाजू मी मांडते. मी गेम बनवणाऱ्या छोट्या टीममध्ये काम करते, घरूनच. स्टीम विक्रीतले ३० टक्के ठेवून घेतं. विक्री १ कोटी डॉलरच्या वर गेली की २५ आणि ५ कोटींच्या वर २०, म्हणजे सवलत मोठ्यांना. एपिक सुरुवातीपासून १२ टक्के घेतं आणि जून २०२५ पासून प्रत्येक गेमच्या वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरवर काहीच घेत नाही. कर बाजूला ठेवला तर हजार रुपयांच्या गेममागे स्टीमवर आम्हाला सातशे, एपिकवर आठशेऐंशी ते पूर्ण हजार. चार जणांच्या टीमला हा फरक म्हणजे एकाचा पगार.
इच डॉट आयओ म्हणून आणखी एक आहे, तिथे दुकानाचा वाटा किती हे विकणाराच ठरवतो. लहान प्रयोग, कॉलेजच्या मुलांचे गेम, सगळं तिथे. बरेच फुकट. ताई, मुलाला गेम बनवायची आवड असेल तर तिथे नक्की फिरू द्या.

सी-५०३, ८:५७
हे मी धरलंच नव्हतं. मग तुम्ही तुमचा गेम कुठे टाकणार?

डी-६०१, ९:०१
स्टीमवर. १०० डॉलर भरून. मन दुखतं, पण लोक तिथेच आहेत. तरीही माझी विनंती आहे: एखादा छोट्या टीमचा गेम दोन्हीकडे त्याच भावात असेल तर एपिकवरून घ्या. आमच्यासारख्यांना खरंच आधार होतो.

ए-१०१, ९:०८
मी बँकेत होतो तेव्हा, साल २००० च्या सुमारास, धरमपेठेतल्या एका सायबर कॅफेत एक गेम खेळायचो. घोड्यावरचा सरदार, किल्ले, एकाची पाळी झाली की दुसऱ्याची. नाव हिरोज काहीतरी. तो आता मिळतो का? घरी जुना कॉम्प्युटर आहे, विंडोज ७ चा.

सी-५०३, ९:१६
काकाजी! हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३. १९९९ चा. तुम्ही खेळायचे हे ऐकून फार आनंद झाला.
तो गॉगवर घ्या, दुसरीकडे पाहूच नका. स्टीमवर २०१५ ची चकचकीत आवृत्ती आहे, पण तिच्यात नंतरचे दोन विस्तार नाहीत. गॉगवर सगळं धरून पूर्ण मिळतो. शिवाय स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ ला हात जोडले.
गॉगची गोष्टच वेगळी. पोलंडच्या लोकांनी २००८ मध्ये सुरू केलं, तेव्हा नाव गुड ओल्ड गेम्स होतं. त्यांच्या गेमला कुलूप नसतं. पैसे दिले की इन्स्टॉलरची फाइल मिळते, ती हार्ड डिस्कवर ठेवा, नेट नसलं तरी चालते, पुढे खातं उघडलं नाही तरी चालते. स्टीम आणि एपिकवर आपण घेतो तो खेळायचा परवाना. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमच्या कार्टमध्येच तसं लिहून येतं. मी वीस वर्षं गेम घेऊन राहिलो, आणि जो गेम मला म्हातारपणीही खेळायचा आहे तो मी गॉगवरूनच घेतो.
अडचण एक. तिथे भाव डॉलरमध्ये. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर तो बंदच येतो, हे तुम्हाला सांगायला नको. आणि कुलूप नाही म्हणून फाइल सगळ्या बिल्डिंगला वाटायची नाही. ज्यांनी विश्वास टाकला त्यांचं नुकसान होतं.

ए-१०१, ९:२२
वाटणार नाही. बायकोसोबत खेळीन. एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळता यायचं.

सी-५०३, ९:२३
अजूनही येतं काकाजी.

बी-२०४, ९:३०
मुलगा बाजूलाच बसला आहे, वाचून राहिला. तो म्हणतो स्टीमवर फॅमिली बनवता येते, मग आपल्या बिल्डिंगमधली सहा पोरं मिळून एक फॅमिली करू, प्रत्येकाने एक गेम घ्यायचा, सहाही सगळ्यांना. खरं आहे का हे? खर्च वाचेल.

डी-४०२, ९:३२
आमच्याकडेही हाच बेत शिजतोय!

सी-५०३, ९:४७
हे नीट वाचा, पोरांनाही वाचायला द्या. नुकसान इथेच होतं.
स्टीमने सप्टेंबर २०२४ मध्ये ही सोय सगळ्यांना दिली. सहा जण, प्रत्येकाचं खातं स्वतंत्र, गेम सगळ्यांचे एकत्र दिसतात. एक जण एक गेम खेळत असताना दुसरा दुसरा खेळू शकतो. तोच गेम दोघांना एकावेळी पाहिजे तर दोन प्रती लागतात. काही गेम वाटता येत नाहीत, कंपनीने परवानगी दिलेली नसते. इथपर्यंत उत्तम.
पण फॅमिली म्हणजे एका घरातली माणसं, असा नियम आहे. आपले सहा फ्लॅट एक घर नाही. दुसरं, फॅमिलीतून बाहेर पडलं की दुसरीत जायला वर्षभर थांबावं लागतं, आणि रिकामी झालेली जागाही वर्षभर अडकते. पोरांची भांडणं आठ दिवसांत होतात. आणि तिसरं सगळ्यात वाईट. समजा तुमच्या मुलाच्या मालकीचा गेम दुसऱ्या पोराने खेळला आणि त्यात चीट वापरलं, तर त्या गेममध्ये तुमच्या मुलावरही बंदी येते. चूक एकाची, शिक्षा दोघांना. सख्ख्या भावांत हे निभावून जातं. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत लिफ्टमध्ये बोलणं बंद होईल, ताई.

डी-४०२, ९:५२
आमचा बेत रद्द. धन्यवाद भाऊ.

सी-५०३, १०:०१
उलट घरातल्या घरात जरूर करा. ताई तुम्ही पालक, मुलगा त्यात मूल म्हणून. दिवसाला किती वेळ, कोणते गेम दिसावेत, हे तुम्ही ठरवू शकता. त्याला गेम पाहिजे असला की तो तुमच्याकडे मागणी पाठवतो, तुम्ही तुमच्या मोबाइलवरून पैसे देता. कार्डाचा नंबर त्याच्या हातात द्यायची गरज नाही.
पोरांसाठी एक चांगली गोष्टही सांगतो. दोघांकडे तोच गेम असेल आणि दोन्ही कॉम्प्युटर एकाच वायफायवर असतील, तर फेब्रुवारी २०२३ पासून स्टीम एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल उचलतं. ऐंशी-शंभर जीबी पुन्हा उतरवायला नको.

सी-१०२, १०:०६
महिन्याचे पैसे भरून खेळायचं ते गेम पास कसं?

सी-५०३, १०:१०
मायक्रोसॉफ्टचं. सुट्टीपुरतं चांगलं. पैसे थांबले की गेमही थांबतात, आणि काही गेम अधूनमधून यादीतून जातात. अकरावीचे क्लास सुरू होणाऱ्या मुलाला मी सुचवणार नाही. पैसे भरले आहेत म्हणून खेळायचं, असं होतं.

बी-२०४, १०:१८
ठरलं मग. एपिकचं खातं आज, फुकटचे तिथून. स्टीमचं उद्या, फॅमिलीसकट. विकतचा आत्ता फक्त एक, आठशेपर्यंतचा. बाकी पैसे ठेवून देते.

सी-५०३, १०:२२
योग्य. जूनअखेर समर सेल लागतो, तेव्हा उरलेल्या पैशांत तीन-चार येतील. आत्ता आवडलेले गेम विशलिस्टमध्ये टाकायला सांगा, भाव उतरला की मेल येतो. उद्या चारनंतर मुलाला वर पाठवा आणि तुम्हीही या, पालकाचं खातं तुमच्याच मोबाइलवर करावं लागेल. स्टीम गार्ड, म्हणजे खात्याचं दुसरं कुलूप, तेव्हाच लावून देतो. आणि त्याला आत्ताच सांगा, "चुकून तुझी तक्रार केली" किंवा "आमच्या टीमला मत दे" असा अनोळखी मेसेज आला तर लिंक उघडायची नाही. खाती अशीच जातात.

बी-२०४, १०:२६
काका, मी लिहितोय, आईच्या मोबाइलवरून. एक विचारायचं होतं. ते २ तास मोजतात त्यात डाउनलोडचा वेळ धरतात का?

सी-५०३, १०:२८
नाही रे. गेम उघडल्यापासून मोजतात. पण काही गेम उघडल्यावर आतून आणखी फाइल उतरवतात, तो वेळ मात्र धरला जातो. उद्या रात्री डाउनलोडला लावून झोप. सोमवारी सकाळी उठून तासभर खेळ, दुपारी लाइन जायच्या आत. अडकत चालला तर लगेच मला सांग, आपण परत करू.