विजापूरचा तट: गोलघुमटाच्या पलीकडे

विजापूर एका दिवसात कसं पाहावं, याच्या चर्चेत गोलघुमट, इब्राहिम रोजा, बारा कमान असं सगळं येतं, पण शहराच्या तटबंदीचा उल्लेख राहून जातो. माझ्या मते अर्धा दिवस तरी तिलाच द्यावा.

पहिल्या अली आदिलशहाने १५६५ च्या सुमारास पुरा केलेला हा तट शहराभोवती जवळजवळ १० किलोमीटर फिरतो. काही ठिकाणी वस्तीत हरवतो, पण पश्चिमेला अजून भक्कम आहे. तिथेच शर्झा बुरुजावर मुलुख-मैदान तोफ आहे. आपल्या महाराष्ट्रातल्यांनी तर ती पाहायलाच हवी, कारण १५४९ मध्ये ती ओतली गेली अहमदनगरला, निजामशाहीत. पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने १६३२ मध्ये विजापुरात आणली. वजन ५५ टनांच्या आसपास! एवढं धूड त्या काळच्या वाटांनी, नद्या ओलांडत कसं ओढत आणलं असेल, या विचाराने मी तिथे बराच वेळ रेंगाळलो. तोंडाशी सिंहाचा जबडा कोरलाय आणि त्यात सापडलेला हत्ती, तो जवळ जाऊन बघा.

तिथून जवळच उपली बुरुज. हैदरखानाने १५८४ मध्ये बांधलेला, बाहेरून वळसा घेत चढणारा जिना, वर लोखंडी पट्ट्या आणि कड्यांनी जोडलेली, साधारण ९ मीटर लांबीची तोफ. तटाची सगळी आखणी इथून नीट कळते, म्हणून सुरुवात इथूनच करा. जिन्याला आधार कमी आहे, मुलं सोबत असतील तर हात धरूनच चढवा.

वेळ उरला तर फतेह दरवाजाही बघा, औरंगजेब १६८६ मध्ये तिथूनच शहरात शिरला.